उसना खांदा

त्सुकरमान हे नाव आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेला वळलं नाही.
हानोख तळकर म्हणाला, यात साखर आहे, एवढं कळतं मला.
तेव्हापासून साखरेमास्तर.
सॅम्युएल स्ट्रीट ओलांडून, मशीद बंदरच्या एका वखारीवर तिसरा मजला,
एक खिडकी, आणि बोटीवरून आलेला एक खोका,
व्हिएन्नाचा शिक्का निम्मा पुसलेला.
ज्याला काढायचं त्याला त्या खोक्यावर बसवायचे.

मी फ्रेमवाला. राऊळ. माझं काम कडेकडेनं.
चित्रातलं कळतं असं म्हणणार नाही,
पण चारी बाजू मोजताना
मधलं दिसतंच की.

मास्तर आधी पावलं काढायचे.
भेगा, नखं, अंगठ्याचा हट्ट.
मग मांडीवर ठेवलेले हात, जड,
पायलीत भरलेल्या ज्वारीसारखे.
चेहरा सगळ्यात शेवटी,
तोवर बसणारा डुलक्या घेत असे.
कातडीच्या सावलीत हिरवा भरत, कच्च्या कैरीचा.
आणि मागे काही नाही. नुसता चुना.
म्हणाले, मागचं मला काढता येत नाय.

केळीवाला यल्लप्पा चित्र बघून कान चाचपायला लागला.
हा कुणाचा? माझ्याला भोक हाय.
मलकाबाईंनी मलिद्याचं ताट खाली ठेवलं,
पदराला हात पुसून निरखलं:
लुगडं माझं, पाटली माझी, खांदा नाही.
इतका पडका खांदा आमच्यात
खापरपणजीपासून कुणाचा नाही.
मास्तर हसले. रुपया दिला, वर चहाचे दोन आणे.
खांदा तसाच ठेवला.

मध्ये लढाई झाली.
ज्या देशानं हाकललं
त्याच देशाचे म्हणून सरकारनं त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवलं.
परतले ते तीन वह्या घेऊन.
पावलं. सगळी पहारेकऱ्यांची.

प्रदर्शनात शिकलेले लोक म्हणत,
हाताला शिस्त नाही, अंगाला अंग जुळत नाही.
पुढे तर त्रिकोण-चौकोनांचे दिवस आले.
आता माणसं कोण काढतं, मास्तर?
ते ब्रश पुसत राहिले.
माणूस अजून भरून झाला नाय.

चित्राला पाठ असते, ती फ्रेमवाल्यालाच दिसते.
पुठ्ठा ठोकण्याआधी कोपऱ्यात पेन्सिलीची एक ओळ,
उजवीकडून डावीकडे गेलेली.
एकदा हानोखला दाखवली.
त्यानं चष्मा पुसला, बोट ठेवून वाचत गेला, थांबला.
अक्षरं आमची, म्हणाला, शब्द आमचे नाहीत.
एक नाव लागतंय. रोझा.
पुढचं येत नाही मला.

मलकाबाईंचं चित्र होतं ते.

मास्तरांना मी विचारलं नाही.
पट्टी मोजली, कोपरे कापले, खिळे बारीक घेतले,
आणि पुठ्ठ्याला त्या ओळीपुरती
खिडकी ठेवली.

गेले तेव्हा चिंचपोकळीला न्यायला आम्ही चौघं:
हानोख, यल्लप्पा, वखारीचा मुकादम इब्राहीम, आणि मी.
मी बुटका. माझ्या कोपऱ्यात पेटी कलली.
वरून गॅलरीतून मलकाबाई ओरडल्या,
राऊळ, खांदा वर कर!

बिलापोटी त्यांनी माझंही एक चित्र दिलं होतं.
पावलं माझी. फेव्हिकॉल नव्हता तेव्हाचा,
सरसानं करपलेला अंगठा माझा.
हनुवटीला मात्र मधोमध खळी.
ती आमच्या घराण्यात नाही.
पाठीवर ओळ आहे. हानोख नाही आता.
दुसरा कुणी वाचून देईलही,
अजून दाखवली नाही.

हल्ली दात गेले, गाल बसले,
आरशात हनुवटी मधेच दबल्यासारखी दिसते.
न्हावी पोरगा घाईतला.
त्याला म्हणतो, इथं जपून रे.
काय काका, जुनी जखम?
नाही.
दुसऱ्याची आहे.